क्राउडफंडिंग आणि फोनमधला पैसा

क्राउडफंडिंगवर, म्हणजे खूप जणांकडून थोडे थोडे पैसे गोळा करण्यावर, काहीही वाचायला घ्या, सुरुवात ठरलेली असते. २००८ ला अमेरिकेत इंडीगोगो ही साइट आली, २००९ ला किकस्टार्टर ही दुसरी आली आणि मग ते वारं हळूहळू बाकीच्या जगात पोचलं. मला ही गोष्ट अजिबात पटत नाही. म्हणजे तारखा बरोबर आहेत, पण भारत, केनिया, नायजेरिया, ब्राझील, इंडोनेशिया अशा देशांत गेल्या पंधरा वर्षांत जे झालंय ते त्या साइट्समुळे झालेलंच नाही. किकस्टार्टरवर तर भारतातल्या किंवा केनियातल्या माणसाला आपल्या देशातल्या पत्त्यावर आणि बँक खात्यावर कॅम्पेन सुरूच करता येत नाही, ठराविक देशांची यादी आहे, तीत तुम्ही असाल तर ठीक, नाहीतर नुसतं बघायचं. तरी या देशांत लोक एकमेकांसाठी प्रचंड पैसे गोळा करतायत. माझं म्हणणं एवढंच आहे की हे साइटने घडवलं नाही, फोनमधून पैसा जायला लागला त्याने घडवलं, आणि त्यामुळे त्याचे फायदे-तोटेही तिथूनच बघायला पाहिजेत.

२०१३ ला वर्ल्ड बँकेच्या इन्फोडेव्ह या विभागाने एक रिपोर्ट काढला होता, विकसनशील देशांतल्या क्राउडफंडिंगवर. त्यात अंदाज असा होता की या देशांतली साधारण ३४ कोटी कुटुंबं छोटी छोटी गुंतवणूक करू शकतील आणि २०२५ पर्यंत हा आकडा वर्षाला ९६ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त एकट्या चीनमध्ये. रिपोर्टचा सगळा भर स्टार्टअप, नवे उद्योग, छोटे गुंतवणूकदार यांच्यावर होता. २०२५ येऊन गेलं. लोकांनी फोनवरून पैसे दिले खरे, पण ते स्टार्टअपसाठी फार कमी, जास्त करून हॉस्पिटलची बिलं, पूर, दुष्काळ, पोलिस केसमधला वकील, कुणाची तरी सुटका, असल्या गोष्टींसाठी. जिथे सरकारी आरोग्यसेवा तोकडी आहे आणि विमा नाही तिथे पहिली गरज हीच असणार ना.

आता हे फोनवाल्या पैशाने नक्की काय बदललं ते जरा नीट सांगतो कारण सगळा खेळ इथे आहे. कार्डाने पैसे दिले की टक्केवारी कापली जातेच पण त्याशिवाय प्रत्येक व्यवहारामागे एक ठरलेला चार्ज असतो, वीस-तीस सेंट वगैरे. शंभर डॉलर देणाऱ्याला तो जाणवत नाही. एक डॉलर देणाऱ्याचा मात्र चौथा हिस्सा वाटेतच जातो. म्हणजे कार्डावर चालणारं क्राउडफंडिंग हे मुळातच पन्नास-शंभर डॉलर सहज देऊ शकणाऱ्यांसाठी बनलेलं होतं, आणि ज्या देशात बहुतेक लोकांकडे क्रेडिट कार्डच नाही तिथे ते चालणार कसं? वर्ल्ड बँकेच्याच फिंडेक्स सर्व्हेनुसार २०११ ला विकसनशील देशांतल्या जेमतेम ४२ टक्के प्रौढांकडे कुठलंतरी खातं होतं. २०२१ ला हेच ७१ टक्के झालं. दहा वर्षांत एवढी उडी, आणि ती कार्डामुळे नाही, मोबाईल मनी (फोन नंबरवरच पैसे ठेवायची आणि पाठवायची सोय) आणि सरकारने उघडून दिलेल्या साध्या खात्यांमुळे.

केनियात एम-पेसा ही मोबाईल मनीची सेवा २००७ ला सुरू झाली. साधा बटणांचा फोन, सिम कार्ड आणि कोपऱ्यावरचा एजंट, इंटरनेटची गरजच नाही. २०११ च्या जुलैमध्ये उत्तर केनियात भयानक दुष्काळ होता तेव्हा 'केनियन्स फॉर केनिया' नावाची मोहीम निघाली, रेड क्रॉस, मोबाईल कंपनीचं फाउंडेशन, एक बँक आणि मीडियावाले एकत्र आले, ५० कोटी शिलिंगचं टार्गेट ठेवलं आणि ते ओलांडलं. त्यात कंपन्यांचे मोठे चेक होतेच पण सामान्य लोकांनी फोनवरून पाठवलेल्या बारीक बारीक रकमाही होत्या आणि माझ्या मते खरी बातमी ती होती. कारण तोवर आफ्रिकेतल्या दुष्काळाला मदत म्हणजे बाहेरच्या देशातून येणारी मदत असंच चित्र होतं. इथे शेजाऱ्याने शेजाऱ्याला पैसे दिले आणि ते मोजताही आले. पुढच्याच वर्षी एम-चांगा हा पैसे गोळा करायचा केनियन प्लॅटफॉर्म सुरू झाला, जो एसएमएसवर सुद्धा चालायचा, कॅम्पेन सुरू करायला स्मार्टफोन नसला तरी चालेल अशी सोय. केनियात हरांबे म्हणून एकत्र येऊन पैसे उभे करायची पद्धत आधीपासूनच होती, एम-चांगाने तिला हिशेबाची वही जोडून दिली असं म्हणता येईल.

भारतात यूपीआय २०१६ ला आलं, जानेवारी २०२० पासून त्यावर व्यापाऱ्याकडून घ्यायचा चार्ज शून्य केला गेला, ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०२० ला तिथल्या मध्यवर्ती बँकेने यूपीआयसारखंच पिक्स आणलं आणि तेही सामान्य माणसाला फुकट. आता एक रुपया पाठवला तरी एक रुपयाच पोचतो. ऐकायला साधं वाटतं, पण आधी कुणी एक रुपया द्यायचा विचारच करत नव्हतं कारण देण्याची सोयच नव्हती, आता लाख लोकांनी दहा-दहा दिले की ऑपरेशन होतं.

केरळमधलं २०२१ चं उदाहरण बघा. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी झालेल्या एका लहान मुलासाठी १८ कोटींचं एक इंजेक्शन हवं होतं. (हे औषध त्या वेळी जगातल्या सगळ्यात महागड्या औषधांपैकी एक होतं आणि मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत द्यावं लागायचं, म्हणून घाई.) बँक खात्याचा नंबर आणि यूपीआय व्हॉट्सअॅपवर फिरला, आठवड्याच्या आत १८ कोटी झाले, मग लोकांना सांगावं लागलं की बास, आता पाठवू नका, आणि तरी आकडा ४० कोटींच्या वर गेला. मध्ये कुठलाही प्लॅटफॉर्म नाही! एक खातं, एक नंबर, आणि लाखो फोन. हे मी म्हणतो ते पैसा ज्या रस्त्याने जातो त्याचं महत्त्व, साइट नंतर.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू मला जास्त छळते. त्याच आजाराची मुलं त्याच वर्षी देशभरात होती. त्यांच्याही आईवडिलांनी पेज बनवलं, फोटो टाकले, हात जोडून व्हिडिओ केले, आणि तारीख उलटून गेली तरी आकडा काही लाखांच्या पुढे सरकला नाही. फरक कशाचा? आजार तोच. औषध तेच. एकाचा व्हिडिओ कुणा मोठ्या अकाउंटने शेअर केला आणि दुसऱ्याचा नाही, एकाच्या नात्यात परदेशात नोकरी करणारी माणसं आहेत आणि दुसऱ्याच्या नाहीत, एकाला चार ओळी नीट लिहिता आल्या आणि दुसऱ्याला नाही. पैसा पाठवायचा खर्च शून्य झाला हे खरंय, पण लोकांच्या नजरेत येण्याचा खर्च शून्य झालेला नाही, उलट तो वाढलाय कारण आता प्रत्येकाच्या फोनवर रोज दोन-चार अशा लिंक येतात. आणि जी कॅम्पेन पडली ती कुणाला दिसतच नाहीत, साइटच्या पहिल्या पानावर सगळ्या यशाच्याच गोष्टी असतात, त्यामुळे नव्याने आलेल्या घाबरलेल्या बापाला वाटतं की पेज बनवलं की पैसे येतात. ही दिशाभूल आहे आणि ती थांबायला पाहिजे, प्रत्येक साइटने किती कॅम्पेन सुरू झाली आणि त्यातली किती टार्गेटच्या निम्म्यापर्यंत तरी पोचली हे ठळक छापावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यात बायकांचा प्रश्न वेगळाच. जीएसएमए या मोबाईल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या रिपोर्टप्रमाणे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मोबाईल इंटरनेट वापरण्याची शक्यता पुरुषांपेक्षा बायकांमध्ये १५ टक्क्यांनी कमी आहे. म्हणजे फोन घरात एक आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात, खात्याला जोडलेला नंबर त्याचा, ओटीपी त्याला येणार. अशा बाईला स्वतःच्या शिवणकामासाठी किंवा स्वतःच्या उपचारासाठी पैसे उभे करायचे तर पहिली परवानगी घरातूनच काढायची. डिजिटल झालं म्हणजे सगळ्यांना दार उघडलं असं जे म्हणतात त्यांनी हा फोन कुणाच्या खिशात आहे तेवढं विचारावं.

चीनमध्ये या नजरेत येण्याच्या धंद्याचं पुढचं टोक बघायला मिळालं. तिथे आजारपणासाठी पैसे गोळा करणारा शुइदीचौ नावाचा प्लॅटफॉर्म २०१६ ला निघाला, वीचॅट या तिथल्या व्हॉट्सअॅपसारख्या अॅपवर लिंक फिरवायची आणि मित्रमंडळींनी पैसे टाकायचे, कोट्यवधी लोकांनी टाकलेही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एक छुपा व्हिडिओ बाहेर आला, त्यात दिसलं की कंपनीची माणसं हॉस्पिटलमध्ये वॉर्डावॉर्डात फिरून पेशंट शोधतायत, साच्यातली गोष्ट लिहून देतायत, घरची मालमत्ता नीट तपासत नाहीत, टार्गेटचा आकडा अंदाजे टाकतायत, आणि प्रत्येक कॅम्पेनमागे त्यांना कमिशन. कंपनीला ते काम थांबवून माफी मागावी लागली. त्याआधी २०१६ मध्येच शेन्झेनमधल्या एका बापाने मुलीच्या ल्युकेमियावर लिहिलेला लेख वीचॅटवर एवढा फिरला की २६ लाख युआनच्या वर जमले, मग कळलं की त्याच्याकडे तीन घरं आहेत, आणि पैसे देणाऱ्यांना परत केले गेले. मुलगी खरंच आजारी होती हो, ती त्या वर्षाअखेर गेली. म्हणजे याला सरळ फसवणूक तरी कसं म्हणायचं, आजार खरा, दुःख खरं, गरज मात्र सांगितली तेवढी नव्हती. पण अशा एका प्रकरणानंतर पुढच्या शंभर खऱ्या माणसांकडे लोक संशयाने बघतात, ते नुकसान कुठल्याच खात्यात दिसत नाही.

आता पैसे देतानाच्या स्क्रीनबद्दल बोलायचंय कारण तिथे मी स्वतः चिडलेलो आहे. अनेक साइट्स म्हणतात आम्ही काहीच फी घेत नाही. छान. तुम्ही रक्कम टाकता, पुढच्या पानावर खाली बारीक अक्षरात टिप आधीच टाकलेली असते, दहा टक्के, पंधरा टक्के, कधी त्याहून जास्त, आणि ती शून्य करायची तर ड्रॉपडाउन उघडून शेवटपर्यंत जाऊन 'अदर' निवडून हाताने शून्य लिहायचं. घाईत, डोळ्यात पाणी असताना, आजारी मुलाचा फोटो वर दिसत असताना कोण ते करणार? साइटला पैसे लागतात हे मला मान्य आहे, कागदपत्रं तपासणारी माणसं लागतात, सर्व्हर लागतात, पाच टक्के उघड घ्या आणि वर मोठ्या अक्षरात लिहा, मी आनंदाने देईन. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला नकळत फसवणाऱ्या स्क्रीनच्या रचनेबद्दल, नियम आणले, त्यात १३ प्रकार दिलेत आणि त्यातला एक हाच, की ग्राहकाला न विचारता बिलात दानाची किंवा दुसऱ्या कशाची तरी रक्कम घुसवणे. आधीच भरून ठेवलेली टिप त्याच जातीची आहे असं मला ठामपणे वाटतं.

कर्ज आणि शेअरच्या क्राउडफंडिंगवर, म्हणजे लोकांकडून कर्ज घेण्यावर किंवा त्यांना कंपनीचे शेअर विकून भांडवल उभं करण्यावर, मी थोडक्यातच लिहितो. कर्जाच्या बाबतीत चीनने सगळ्या जगाला धडा दिलाय. तिथे पी-टू-पीचे, म्हणजे एका माणसाचा पैसा दुसऱ्याला थेट कर्जाने देणारे, हजारो प्लॅटफॉर्म उगवले, नियम कुणी केलेच नाहीत, आणि मग त्यातलं एझुबाव बुडालं, साधारण ९ लाख लोकांचे ५० अब्ज युआन, आणि तपासात निघालं की दाखवलेले बहुतेक प्रोजेक्ट मुळात अस्तित्वातच नव्हते. सरकारने मग असा चाप लावला की नोव्हेंबर २०२० पर्यंत एकही प्लॅटफॉर्म उरला नाही. म्हणजे आधी मोकाट आणि मग एकदम शून्य. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१७ लाच पी-टू-पीसाठी नियम केले आणि ऑगस्ट २०२४ ला आणखी आवळले, खात्रीशीर परताव्याची गुंतवणूक म्हणून हे विकायचं नाही असं सांगितलं, आणि ते बरोबरच केलं कारण अॅप उघडलं की मुदत ठेवीसारखंच दिसायचं, समोरचा अनोळखी माणूस कर्ज बुडवू शकतो हे कुठे जाणवायचंच नाही.

शेअरच्या बाबतीत मात्र मलेशियाने २०१५ लाच नियम करून प्लॅटफॉर्मना परवाने दिले, ब्राझीलने २०१७ ला, मेक्सिकोने २०१८ ला फिनटेक कायदाच केला, इंडोनेशियाने २०१८ ला, नायजेरियाने २०२१ ला. भारतात सेबीने २०१४ ला चर्चेसाठी पेपर काढला आणि २०१६ ला इशारा दिला की असले प्लॅटफॉर्म अधिकृत नाहीत, खाजगी कंपनीने वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना शेअर देऊ करायचे नाहीत ही कायद्यातली मर्यादा आहेच. सावधगिरी मला कळते. पण दहा वर्षं पेपरवरच अडकून राहणं हे काही धोरण नाही, छोट्या गावातल्या चांगल्या उद्योगाला आपल्याच ओळखीच्या तीनशे लोकांकडून थोडं थोडं भांडवल घेता येत नाही आणि तो शेवटी सावकाराकडे जातो.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. पैसा फोनमधून जातो म्हणजे तो कुठूनतरी थांबवताही येतो. नायजेरियात ऑक्टोबर २०२० मध्ये सार्स या पोलिस पथकाच्या अत्याचाराविरुद्ध तरुण मुलं रस्त्यावर उतरली, फेमिनिस्ट कोअॅलिशन नावाच्या बायकांच्या गटाने लोकांकडून पैसे गोळा केले, जखमींचे उपचार, अटक झालेल्यांचे वकील, पाणी, जेवण, आणि रोजचा हिशेब उघड टाकत गेल्या. मग पेमेंटची लिंक बंद पडली, बँक खातं बंद झालं. त्या थांबल्या नाहीत, बिटकॉइनवर गेल्या आणि शेवटी १४ कोटी नायराच्या वर जमले. पुढच्या फेब्रुवारीत तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना क्रिप्टोवाली खाती बंद करायला सांगितलं. याउलट २०२४ च्या जूनमध्ये केनियात बघा, करवाढीच्या फायनान्स बिलाविरुद्धच्या आंदोलनात जखमी झालेल्यांसाठी आणि मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी एम-चांगावर काही दिवसांत ३ कोटी शिलिंगच्या आसपास जमा झाले, आकडा सगळ्यांसमोर वाढत होता. आजारी मुलासाठीचं पेज सगळ्यांना चालतं, सरकारला प्रश्न विचारणाऱ्यासाठीचं सगळ्यांना चालत नाही, आणि रस्ता एकाच बँकेचा किंवा एकाच कंपनीचा असला की बटण दाबायला एक माणूस पुरतो.

ब्राझीलच्या दक्षिणेत मे २०२४ ला महापूर आला तेव्हा राज्य सरकारने एक पिक्स नंबर जाहीर केला, लोकांनी भरभरून दिलं, आणि तितक्याच वेगाने खोटे पिक्स नंबर, खोटी पोस्टर, खोटे व्हिडिओ फिरायला लागले. चोरालाही तोच वेग, तोच शून्य खर्च. इंडोनेशियात २०२२ ला एसीटी या मोठ्या मदतसंस्थेचा निधी गोळा करायचा परवाना गेला कारण त्यांनी देणगीतले १३.७ टक्के स्वतःच्या खर्चाला ठेवले, नियमाने १० च्या वर चालत नव्हते. मला या प्रकरणातलं जे आवडलं ते हे की तिथे निदान आकडा ठरलेला होता. मर्यादा माहीत होती म्हणून चूक सांगता आली.

मग देणाऱ्याने करायचं काय? मी देणं बंद करा असं मुळीच म्हणणार नाही. केरळमध्येच २०२४ ला सौदी अरेबियात मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या एका माणसाच्या सुटकेसाठी, मृताच्या कुटुंबाला भरपाई म्हणून द्यायला, ३४ कोटी उभे राहिले, त्यासाठी वेगळं अॅप बनवलं होतं ज्यात जमा होणारा पैसा सगळ्यांना दिसत होता आणि रक्कम पूर्ण झाल्यावर घेणं बंद केलं. एवढं काम काही लोक मिळून करू शकतात तर रोज हेच करणाऱ्या कंपन्यांनाही जमलं पाहिजे. मला कॅम्पेनच्या पानावर तीन-चार गोष्टी दिसल्या तरच मी पुढे जातो. पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाणार की घरच्यांच्या, हॉस्पिटलचं एस्टिमेट कुठल्या तारखेचं आहे, पहिला हप्ता गेल्यावर पावती टाकली का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे जास्त जमले किंवा पेशंट वाचला नाही तर उरलेल्याचं काय होणार. हा शेवटचा प्रश्न विचारायला फार जड जातो, पण तो त्या कुटुंबाला विचारायची वेळच यायला नको, साइटने कॅम्पेन सुरू होतानाच शांतपणे विचारून घेऊन पानावर लिहून ठेवायचा. बऱ्याच ठिकाणी तो नियम अटींच्या लांबलचक पानात कुठेतरी पुरलेला असतो, मी शोधून वाचतो, सापडला नाही तर सपोर्टला मेल टाकतो आणि उत्तर आलं की मग पैसे पाठवतो.